दाऊदचं नाव दगडावर कोरा

लान्स नायक दाऊद साळवे याच्यावर अन्याय झाला १९३४च्या ऑगस्टमध्ये, एका बुधवारी, सकाळी साडेनऊ वाजता. तो ज्या कागदावर झाला, त्यावर माझी सही आहे.

आमची खेचरांची तुकडी देवळालीहून पेठ गावाकडे रेशन नेत होती. पहाटे चारला खेचरांना खरारा, पाचला चंदीचा दाणा, सहाला कूच. मंगळवारी दुपारी सव्वातीनला नदी आडवी आली. जान्या नावाचा तिथलाच हमाल बरोबर होता. तो हवालदारांना म्हणाला, "सायेब, पानी चढतंय. आता नको."

"बायकांसारखा भितोस? मर्द ना तू?"

दाऊद खेचराच्या पोटाखालचा तंग आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "पाणी काय मर्द बघून थांबतं, हवालदार?"

आम्ही हसलो. हुकूम झाला, उतरलो.

निम्म्यात लोंढा आला. खेचरं पार झाली. जान्या वाहत जाऊन खडकाला अडकला. हवालदार म्हणाले, "मागे कोणी वळायचं नाही. माल सांभाळा." दाऊदने बूट काढले. दोर एकच होता. एक टोक आमच्या हातात देऊन तो पाण्यात शिरला आणि दुसरं त्याने जान्याच्या कमरेला बांधलं. जान्याला आम्ही ओढून काढलं. दाऊद वाहून गेला; प्रेत सापडलं तिसऱ्या दिवशी.

बुधवारी हवालदारांनी जबानी लिहिली: शिपाई हुकूम मोडून पाण्यात उतरला. जान्याने दिलेला इशारा तीत नव्हता. दोर धरणाऱ्या आम्ही तिघांनी सह्या ठोकल्या. नोकरी जाईल म्हणून, दुसरं काही कारण नाही.

मी पलटण सोडली. हवालदार आता आपल्याच चर्चच्या मंडळीचे पंच आहेत. दर गुरुवारी तरुणांना ख्रिस्ती पुरुषाचं कर्तव्य शिकवतात. आपल्या देवळाच्या भिंतीवर कामी आलेल्या शिपायांच्या नावांचा दगड आहे. दाऊदच्या आईने त्यावर त्याचं नाव कोरा म्हणून तीनदा विनवलं. पंच म्हणतात, आज्ञा मोडणाऱ्याचं नाव नको.

अहो, पण चुकीची आज्ञा दिली कोणी? त्याचा जाब कोण देणार? की पुरुषपण म्हणजे नुसतं छाती काढून उभं राहणं? शेजाऱ्यासाठी मेलेल्याला वगळायचं, तर वेदीवर क्रूस ठेवता कशाला?

येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा आहे. जान्या पेठहून चालत येतोय. मी उभा राहून सांगणार आहे, की ती जबानी अर्धी होती आणि मी ती वाचून सही केली. मग दाऊद साळवेच्या नावासाठी मत घेतील. त्या वेळी पंचांच्या तोंडाकडे बघत बसू नका. हात वर करा.