ड्रायरवर बसलेली आई

मी मूळचाच भित्रा. घरात पाल दिसली तर बायकोला हाक मारतो आणि पाल जाईपर्यंत पाय वर घेऊन पलंगावर बसतो. पण गेल्या दिवाळीपासून जी भीती मनात होती, तिच्यासाठी कुणाला हाक मारावी ते कळत नव्हतं. आई बारीक होत चालली होती. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या. डॉक्टरकडे चल म्हटलं की, "मला काय धाड भरलीय? तू जा, तुझं पोट दाखवून ये," एवढंच उत्तर.

आमचं वॉशिंग मशीन जुनं, दोन टबांचं. नवीन पनवेलला राहायला आलो तेव्हा घेतलेलं. एका टबात कपडे धुवायचे, मग हातानं पिळून शेजारच्या ड्रायरमध्ये टाकायचे. बाथरूमच्या फरशीला उतार, त्यामुळे ड्रायर सुरू झाला की मशीन जागा सोडून चालायला लागायचं. बाबा होते तेव्हा त्यांनी पायांखाली विटांचे तुकडे, सायकलची जुनी ट्यूब, सगळं लावून पाहिलं. शेवटी एक दिवस आई झाकणावर चादरीची घडी टाकून वर बसली आणि मशीन मुकाट उभं राहिलं. तेव्हापासून तीच पद्धत पडली.

ड्रायर थांबेपर्यंत आईला उतरता यायचं नाही, म्हणून आम्ही भावंडं आमची कामं नेमकी तेव्हा काढायचो. सहलीला जाऊ का? गणितात नापास झालोय, सही करशील? शेजारच्या विचुंबे गावच्या भाजीवालीकडची मेथी निवडत आई वर थरथरत असायची आणि "हो-ओ-ओ" म्हणायची. तो हो रागाचा की मायेचा, हे खाली उतरल्यावरच कळायचं.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी पेपर वाचत होतो. बाथरूममधून नेहमीची धडधड चालू होती. मग फरशी खरवडल्याचा आवाज आला आणि दारावर आतून दणका बसला.

"आई?"

मी ओरडत दाराकडे धावलो. दार आत उघडणारं. ढकललं तर बोटभर सरकून अडलं. आत ड्रायर पिसाळल्यासारखा फिरत होता. खांद्यानं धक्का द्यायला मी मागे सरलो, तर बायकोनं माझा शर्ट धरला.

"अहो, आई दारामागे पडल्या असतील तर?"

मी खांदा मागे घेतला.

"मेन स्विच बंद करा," ती म्हणाली. इतकी वर्षं या घरात काढली, पण मेन स्विच कुठे आहे ते मला आठवेना. शेवटी तिनंच बंद केला. ड्रायर घरघरत मंदावला, थांबला. आत पाणी ठिबकत होतं. मी दाराला कान लावला.

"मेथी सांडली सगळी," आतून आई म्हणाली. "आणि ओरडतोस कशाला? त्या आवाजात मला काय ऐकू येणार?"

मशीन तिला वर घेऊन दारापर्यंत चालत आलं होतं. ती उतरली, मशीन जरा मागे रेटलं. दाराला जेमतेम वीतभर फट पडली. आता सुतार बोलवावा लागणार, असं मी म्हणेपर्यंत आई त्या फटीतून आडवी होऊन बाहेर आली. हातात मेथीचं रिकामं ताट. कुठेही अडकली नाही.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. आई मात्र वळून मशीनकडे बघत राहिली.

"इतकी वर्षं गप बसत होतं माझ्याखाली," ती म्हणाली. "आज जुमानलं नाही." मग पदराला हात पुसत, "दुपारी डॉक्टर असतो का रे?"

तपासण्या झाल्यात. डॉक्टरांनी परवा बोलावलंय. नवीन मशीन घेऊ म्हटलं तर आई ऐकत नाही आणि मला वर बसू देत नाही. म्हणते, झाकण फुटेल. म्हणून आता ती वर बसते आणि मी समोर उभा राहून दोन्ही हातांनी मशीन दाबून धरतो.

काल तिनं ड्रायर वेग घेईपर्यंत वाट पाहिली. मग मेथीची जुडी सोडत म्हणाली, "डॉक्टर तुला बाजूला घेऊन काही बोलला, तर ते मला सांगायचं. लपवायचं नाही. कबूल?"

हात सोडून पळायची सोय नव्हती.

"हो-ओ-ओ," मी म्हणालो.

"घाबरलायस?"

"नाही. मशीन हलतंय."

"बरं," आई म्हणाली. "मग नीट दाब."