खांद्यावरची पिशवी

आमच्या कॉलेजात फरशी पुसणाऱ्या शांतामावशी खांद्यावरची पिशवी कधीच उतरवत नाहीत. फुटपाथवरून त्या निवारा केंद्रात आल्या आणि केंद्रानेच त्यांना हे काम मिळवून दिलं.

काल मी म्हटलं, "मावशी, पिशवी ठेवा की कोपऱ्यात."

"ठेवली की जाते, बाई. तू शिक, मला नको शिकवू," त्या हसल्या.

छप्पर मिळालं तरी फुटपाथची भीती अंगातून लवकर जात नसावी. केंद्रातली त्यांची मुदत महिनाअखेर संपते. तोवर काम कायम झालं, तरच खोली भाड्याने घेता येईल. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. होस्टेलची खोली माझीही वर्षापुरतीच. म्हणून असेल, मी घाबरत विचारलं, "आणि नाही झालं तर?"

पिळलेलं फडकं त्यांच्या हातातच राहिलं.

"कडेकडेनं जा," त्या म्हणाल्या. "फरशी ओली आहे."