पाणसोटाची कलमं

वडीगोद्रीच्या अलीकडं, हायवेला लागून, पत्र्याच्या पाटीवर हिरव्या रंगात 'दैवशाला मोसंबी कलमं' एवढीच अक्षरं आहेत. पाटी रंगवली त्या दिवशी तिचा नवरा कारभारी म्हणाला होता, "माझं नाव टाकलं असतं तर रंग संपला असता काय?"

"तुमचं नाव टाकलं तर लोक तुमच्याकडून डोळे भरून मागतील," दैवशाला म्हणाली. "मंग बसा बोटं कापीत."

डोळा भरायची विद्या तिनं लग्नानंतर उचलली. माहेर वाटूरकडचं, तिकडं ज्वारी-कापसाशिवाय तिनं काही पाहिलेलं नव्हतं. सासरी आल्यावर ती एका रोपवाटिकेत रोजानं गवत काढायला जाऊ लागली. तिथं अप्पाराव नावाचा म्हातारा कलमं बांधायचा. खुंट म्हणून लावलेल्या जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला चाकूनं उभी-आडवी चीर द्यायची, मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, अलगद काढून त्या चिरेत सरकवायचा, वरून पट्टी आवळायची. वर्षभर त्यानं तिला नुसत्या पट्ट्या बांधायला लावल्या. दुसऱ्या वर्षी चाकू दिला आणि म्हणाला, "हात काय, बसंल तुझा. काडी कोणत्या झाडाची हाय, ते मात्र रोज इचारत जा."

पुढं स्वतःची रोपवाटिका टाकली तेव्हा दैवशालानं स्वतःच्या आणि दिराच्या बागेतली अकरा झाडं निवडली. एकेका झाडाचे तीन तीन बहार पाहिले, फळं चाखली, बिया मोजल्या, आणि मग त्यांच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढला. ती त्यांना मायझाडं म्हणायची. त्या अकरांतून वर्षाला अडीच हजार डोळे निघत, म्हणून कलमंही अडीच हजारच. जून सरता सरता माणसं रिकामी परत जात. "पुढल्या साली या," ती मान वर न करता सांगायची. आणि माणसं खरंच पुढल्या साली यायची. कारभारीला हे कधी उमगलं नाही. दारात आलेलं गिऱ्हाईक परत धाडायचं म्हणजे त्याला हातचा पैसा घालवल्यासारखं वाटायचं.

मग एका हिवाळ्यात श्रेयांसशेठ आले. जालन्याच्या मोंढ्यात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान; पणजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ बोलायला इथलेच. प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकून ते म्हणाले, "ताई, जिथं जातो तिथं आपल्या कलमांचं नाव ऐकून राह्यलो. यंदा मला सहा हजार पाहिजेत. टेम्पो माझा, गिऱ्हाईक माझं. तुम्ही फक्त हो म्हणा."

'नाही' तिच्या ओठांवर होतं. पण आजवर कुणी एवढ्या लांबून मोटार करून आलं नव्हतं. कामावरच्या बाया पट्टी आवळता आवळता कान देऊन बसल्या होत्या. कारभारी तिच्या तोंडाकडं पाहत होता.

"होऊन जाईल," दैवशाला म्हणाली.

खुंटाची रोपं बाहेरून आणली. बायाही वाढवल्या. अडीच हजार भरले आणि मायझाडांच्या काड्या संपल्या. भर दुपारी आठ बाया चाकू पुसून बसून राहिल्या. तेवढ्यात कारभारी बागेतून कवळभर काड्या घेऊन आला. हिरव्यागार, अंगठ्याएवढ्या जाड, काटेरी.

"हे काय? पाणसोट हाय की हे," ती म्हणाली.

पाणसोट म्हणजे बुंध्यातून सरळ आभाळाकडं निघालेला फुटवा. झाडाचं खाऊन नुसता वाढतो, फळ लवकर धरत नाही. बागवाल्याला दिसला की तो आधी छाटून टाकतो. त्याचा डोळा भरला तर झाड कसं होतं, ते अप्पारावानं तिला एकदा दाखवलं होतं.

"मोसंबीचाच हाय ना? जंबेरीचा तर न्हाई?" कारभारी म्हणाला. "शेठला जबान दिली. जल्दी बोल, बाया बसून राह्यल्या."

तिनं एक काडी हातात घेतली. साल अशी सुटली की चाकू लावावा न लावावा. पहिला डोळा तिनंच भरला. बायांनी ते पाहिलं आणि पुन्हा चाकू उचलले. सगळे डोळे भरून झाले त्या संध्याकाळी तिनं आणखी एक गोष्ट केली. मायझाडाची आणि पाणसोटाची रोपं वाफ्यावाफ्यांतून एकमेकांत मिसळून टाकली. कुणा एकाचंच वाटोळं नको, असं मनाला सांगितलं. खरं तर कुणी बोट दाखवायला नको म्हणून.

ती कलमं सगळ्या वर्षांहून तेजदार निघाली. पानं तळहाताएवढी. शेठनं फोन करून वाहवा केली. त्याच लॉटातली तीनशे रामकिसन आणि उषाबाई या नवरा-बायकोनं नेली. त्यांचं शेत तीन कोसांवर. पुढल्या वर्षी दैवशाला मुकाट्यानं अडीच हजारांवर परत आली, शेठला नाही म्हणाली. फळं धरायची वेळ आली त्या चौथ्या वर्षापासून ती अनोळखी नंबरचा फोन उचलेनाशी झाली.

पाचव्या वर्षी रामकिसन स्वतःच दारात उभा राहिला. भांडायला आला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"ताई, एकदा येऊन बघा," तो म्हणाला. "झाडं अशी झाली की रस्त्यानं जाणारा थांबून बघतो. पर सव्वाशेक झाडं सोडली तर फळच न्हाई. आमचंच कायतरी चुकून राह्यलं."

कारभारीही बरोबर गेला. बागेत शिरल्या शिरल्या त्यानं मूठभर माती उचलून चोळली. "चुनखड लई दिसती, रामकिसनभाऊ."

"मलाबी तेच वाटून राह्यलं व्हतं," रामकिसन लगेच म्हणाला.

उषाबाई मागं उभी होती. "दोन बार माती तपासली," ती म्हणाली. "खत बदललं. हे म्हणले तू पानी जास्त देती, मंग म्या पानी तोडलं. झाडं माझ्या हातानं लावलेली. सासूबाई चार माणसांत म्हणल्या, हिच्या हातालाच फळ न्हाई."

दैवशालाच्या समोरचं झाड पुरुषभर उंचीच्याही वर गेलं होतं. काटे बोटाच्या पेराएवढे. तिला हात लावून बघायचीही गरज नव्हती. चुनखड आहे एवढं म्हणून चहा पिऊन निघता आलं असतं. नवऱ्यानं वाट करून ठेवलीच होती.

"जमिनीत काई न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या हातात बी काई न्हाई, वैनी. डोळेच पाणसोटाचे हायेत. म्या भरलेत."

"चुकून भरले का?" उषाबाईनं विचारलं.

"न्हाई. ठाऊक असून."

रामकिसन सरीच्या वरंब्यावर खाली बसला. उषाबाई उभीच राहिली. "मंग चार वर्षांमागं सांगितलं असतं तर तोंड झिजलं असतं का तुझं?"

दैवशालानं समोरची फांदी खाली ओढून पाहिली. ती म्हणाली, "झाडं काढू नका. फांद्या छाटू. नवे धुमारे फुटले की त्यावर मायझाडाचे डोळे भरून देते, माझ्या हातानं. तीन वर्षं अजून जातील. ती काई मला भरून देता येत न्हाईत."

"काडी कोणत्या झाडाची, ते मी येऊन बघणार," उषाबाई म्हणाली. "फळ चाखून बघणार. मंगच."

"या."

परतताना कारभारीनं गाडी अर्ध्या रस्त्यात थांबवली. "आता सहा हजार झाडायच्या मागं फिरशील? पाटीच उतरवून ठेवतो ना घरी गेल्यावर!"

"उतरवा," दैवशाला म्हणाली. "पर काड्या तोडायला तुमी बरोबर यायचं. मागल्या टायमाला बी तुमीच तोडल्या व्हत्या." कारभारीनं गाडी पुन्हा चालू केली. पाटी त्यानं उतरवली नाही.

रात्र जाऊ न देता तिनं श्रेयांसशेठला फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, न सांगता पण चाललं असतं," ते म्हणाले. "लोक जमिनीला दोष देऊन मोकळे झाले होते."

"म्हणूनच सांगून राह्यले. मला यादी द्या, कलमं कुणाकुणाला गेली ती."

"देतो. बिलकुल देतो. आधी मी एकेकाला फोन करतो, नंतर तुम्ही जा. माझ्या दुकानाचं पण तोंड आहे." मग आवाज उतरला. "यापुढं आपला व्यवहार नाही, ताई. राग मानू नका."

यादीत तेवीस नावं होती. त्या वर्षी अकरा झाडांच्या साऱ्या काड्या दुरुस्तीला राखून ठेवल्या. पाटीखाली खडूनं लिहिलं, 'यंदा विक्री बंद.' लोक गाडी थांबवून विचारत, आणि ती कारण सांगत असे. काही जण हळहळत, काही जण तिथूनच गाडी वळवत. गावात मागून बायका बोलायच्या, 'मोठी नाववाली.' ते ती ऐकून घ्यायची.

रामकिसनच्या बागेत करवत लावली त्या दिवशी तो अंबडला काम आहे म्हणून निघून गेला. पाच वर्षं वाढवलेल्या पावणेदोनशे झाडांच्या फांद्या पडल्या. उषाबाई दिवसभर एकेक फांदी धरून राहिली. धुमारे आले तेव्हा ती रोपवाटिकेत येऊन तीन मायझाडांची फळं खाऊन गेली आणि चौथ्यावर बोट ठेवलं. दैवशालानं त्याच झाडाच्या काड्या नेल्या.

मग यादी. कुणी शिव्या दिल्या. एकानं बांधावरूनच हाकललं आणि आठ दिवसांनी बोलावून घेतलं. शेवटचं नाव जाफराबादच्या पुढचं होतं, संपत नावाच्या शेतकऱ्याचं. त्याचा फोन शेठलाही लागला नव्हता. एसटी आणि मग जीप करून ती पोचली. काड्या ओल्या बारदानात गुंडाळून काखेत.

संपत सोयाबीनच्या रानात भेटला. तिनं नाव सांगितलं, काय केलं ते सांगितलं. तो ऐकत राहिला.

"बाग कुठं हाय?" तिनं विचारलं.

"ह्या सोयाबीनखाली. दोन वर्षं झाली काढून."

"एखादं झाड बी ठेवलं न्हाई?"

"काय करता ठेवून? निम्म्याहून जास्त झाडांना फळच न्हाई. मला वाटलं, आपल्याकडच्या जमिनीत मोसंबी होतच न्हाई. गावाला बी म्या तसंच सांगितलं. चौघं जण लावणार व्हते, त्यायनी खड्डे बुजवले." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. घागरीतलं पाणी तांब्यात ओतून त्यानं तिच्यापुढं धरलं. "काड्यायचं आता काय काम हाय, बाई? एवढ्या लांबून आल्या, पानी घ्या."

ती प्याली. बारदान तिनं बांधावर ठेवलं. "ते चौघं या वख्ताला कुठं भेटतील?"

"पारावर असतात. कामून?"

"तुमची जमीन चांगली हाय, म्या खोटं दिलं व्हतं, हे तुमच्या तोंडून त्यायला पटणार न्हाई."

"शिव्या देतील."

"देऊ द्या," म्हणून दैवशालानं चपला पायात सरकवल्या. संपतनं खुरपं खाली टाकलं आणि तिला वाट दाखवायला तो पुढं झाला.