आठवड्याचे तीन उपास

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मी एकदम देवभोळी झाले. त्याआधी मी कधी साधी एकादशीही धरली नव्हती. चिंचणीच्या मच्छीवाल्यांच्या घरात वाढलेली मी. आमच्याकडे सोमवारी मासे खात नसत, पण उपाशी मात्र कोणी राहत नसे. तरी सहावा महिना लागला आणि मी सोमवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्याचे तीन उपास सुरू केले.

झालं होतं असं, की घोलवडला मी चिकू निवडायला आणि खोक्यांत भरायला जायचे. पोट पुढे आल्यावर दिवसभर उकिडवं बसणं जमेना, म्हणून काम सुटलं. नवरा तारापूरला एका कारखान्यात ठेक्यावर होता. बोलावलं तर जायचं, नाही तर घरी बसायचं. नेमकं त्याच सुमारास बोलावणं कमी झालं. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, त्यामुळे हे सासरचं, म्हणजे डहाणूच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांतलं. एका संध्याकाळी नवऱ्याने मांडी ठोकून जाहीर केलं, "आता हात आखडता घ्यायचा."

टीव्हीचं रिचार्ज बंद झालं. रिक्षा बंद झाली, पायी चालणं बाळाला चांगलं असतं असं ठरलं. आंघोळीचं पाणी गॅसऐवजी मागच्या चुलीवर तापू लागलं. चिकूच्या वाळक्या फांद्यांच्या धुराने मी दिवसभर डोळे चोळत असायचे. एवढं सगळं ठरवून झाल्यावर तो म्हणाला, "पण तुझ्या खाण्यात काटकसर नको हं." मला असा राग आला! बोलायला काय जातं? डाळीचा डबा उघडून बघणारी मी होते. घरात खडखडाट नव्हता, पण आज सगळे पोटभर जेवले की आठवड्याच्या शेवटी ओढाताण ठरलेली. थोरल्या मुलीचं दूध-अंडं तोडायचं नव्हतं, कामावर जाणाऱ्याचा डबा तोडायचा नव्हता. मग उरलं कोण?

पोटुशी बाई 'मला नको' म्हणाली की सगळे तिच्या मागे लागतात. 'उपास आहे' म्हटलं की कोणी एक शब्द विचारत नाही, वर कौतुक होतं. दिवसभर कोरा चहा, एखादं केळं, आणि रात्री सगळ्यांचं झाल्यावर राहिलेला भात. "बाळासाठी किती करते," असं नवरा शेजाऱ्यांना सांगायचा. हसावं की रडावं कळत नव्हतं, आणि दोन्हीला अंगात जोर नव्हता.

आठव्या महिन्यात सासूबाई रानशेतकडच्या गावाहून आल्या. सोबत नागलीचं पीठ आणि बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी. त्या आल्या याचा आनंद होता, पण मनात पहिला हिशेब आला तो एक ताट वाढल्याचा. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या तपासणीला त्या माझ्याबरोबर आल्या. नर्सने पोट मोजलं, कागद पाहिले आणि विचारलं, "बाळाचं वजन वाढत नाही, तुमचं रक्तही कमी आहे. खाता काय तुम्ही?"

मी तोंड उघडण्याआधीच सासूबाई बोलल्या, "उपास असतात तिचे. तीन-तीन."

"आजपासून एकही नाही," नर्स कडाडली. "बाळ असं लहान राहिलं तर जगवायला किती कठीण जातं माहितीये?"

घरी येईपर्यंत मी पोटावरचा हात काढला नाही. बाळ हललं की जिवात जीव यायचा, थांबलं की मी रस्त्यातच उभी राहायचे. मी काय करून बसले होते, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

घरी पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "धरलेला उपास मधी टाकत नाय. घरातल्या दुसऱ्यानं पुढं नेला तरी देवाला पोचतो. तुझे तिन्ही मी करीन."

देवाला कसला पोचतो! तो फक्त डाळीच्या डब्याला पोचत होता. पण हे सांगायचं कोणत्या तोंडाने? त्या गुरुवारपासून त्या माझ्या ताटात नागलीची भाकरी आणि घट्ट डाळ वाढून समोर बसू लागल्या, हातात कोऱ्या चहाचा कप घेऊन. घास तोंडात फिरायचा, तरी मी खात होते. नर्सचे शब्द कानात होते.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी त्या नळावरून हंडा आणत होत्या. अर्ध्या वाटेत त्यांनी हंडा खाली ठेवला आणि तिथेच ओट्यावर बसल्या. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मी धावले तर हाताने मला अडवून म्हणाल्या, "तू उचलू नको."

मला राहवलं नाही. "आई, ते उपास देवाचे नव्हते," मी म्हणाले. "घरात पुरत नव्हतं म्हणून मी खोटं सांगितलं. तुम्ही उगाच उपाशी राहताय. सोडा ते."

देवाच्या नावाने खोटं बोलले म्हणून त्या चार शब्द सुनावतील असं वाटलं. सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मग माझे तरी कुठं देवाचे आहेत?" म्हणाल्या. "चल, जेवून घे."

आत आल्यावर मी अर्धी भाकरी मोडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली आणि परत माझ्याच ताटात ठेवली. मी नको म्हणायला हवं होतं. पण मला इतकी भूक लागली होती, की मी तीही खाल्ली.