डावीकडचा ट्रे

माझं शेवटचं पोस्टिंग एका अम्युनिशन डेपोत होतं. पाच वर्षं शॉर्ट सर्व्हिस केली आणि कॅप्टन म्हणून बाहेर पडले. नव्वदचं दशक संपता संपता ह्यांना रास लफानला गॅस प्लांटवर नोकरी लागली आणि आम्ही कतारला आलो. घर अल गराफाला. हे पहाटे साडेचारला कंपनीच्या बसने निघायचे ते संध्याकाळी सहाला परत. मुलगी शाळेत. मला बोलायला माणसं लागतात हो, भिंतींशी किती बोलणार? एका शूटिंग क्लबला वर्कशॉप सांभाळायला कुणीतरी हवं होतं. मी गेले आणि राहिले.

तिथे दाऊदभाई होते. हवालदार, पलटणीची हत्यारं सांभाळणारे आर्मोरर, महाडजवळच्या एका गावचे. पेन्शन घेऊन आखातात आले त्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. मी क्लबात नवी, पण पहिल्याच दिवशी त्यांनी उभं राहून सॅल्यूट केला.

काम साधं होतं. मेंबरांनी झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या आणि परत भरण्याजोग्या करायच्या. त्यांत दारू आणि गोळी दाऊदभाई भरायचे. डेपोत आम्ही तयार दारूगोळा मोजून ठेवायचो, पुंगळीला हात लावायची वेळ कधी आली नाही. हे सगळं मी इथेच शिकले, थोडं पुस्तकातून, बरंचसं दाऊदभाईंकडून. गोळी झाडली की पुंगळी फुगते. ती प्रेसमधल्या डायमधून दाबून मूळ मापाला आणायची. दोन-चारदा असं झालं की पितळ कडक होतं आणि गळ्याला चीर जाते. म्हणून गळा मऊ करायला गॅसटॉर्चच्या ज्योतीवर फिरवायचा, सहा आकडे मोजायचे आणि पुंगळी पाण्यात टाकायची. फक्त गळा. बूड गरम होता कामा नये. बारचा सगळा दाब बूड सोसतं, ते मऊ पडलं तर ती पुंगळी कायमची बाद.

मी आकडे मोठ्याने मोजायची आणि मध्येच काहीतरी सांगायला लागायची.

"मॅडम, तोंड आणि टॉर्च एका वेळी चालवू नका," दाऊदभाई म्हणायचे.

"मग टॉर्च बंद करते."

"तेच बरं. तोंड काय बंद व्हायचं नाही."

त्यांचा एक नियम होता. नवीन लॉटचा पहिला राउंड भरणाऱ्याने स्वतः फायर करायचा. मेंबरच्या हातात नंतर.

त्या बुधवारी मी वीस-वीस पुंगळ्यांचे दोन ट्रे तापवले. दुसऱ्या ट्रेच्या वेळी मी दाऊदभाईंना मुलीच्या गॅदरिंगची गंमत सांगत होते. आकडे चुकले असणार. तापलेल्या पितळेवर रंग चढतो, त्यावरून चूक कळते. पण मी न बघता सगळ्या पॉलिशच्या ड्रममध्ये टाकल्या. गुरुवारी सकाळी चाळीसच्या चाळीस सारख्या चकचकीत होत्या.

साडेअकराला प्रेसवर बसले. पहिला ट्रे ठीक गेला. दुसऱ्याला, डावीकडच्याला, हँडल हलकं लागलं. तेल जास्त झालं असेल म्हणून मी पुढे चालवलं. विसावी पुंगळी काढली आणि मनात आलं म्हणून तिचं बूड पक्कडीत दाबलं. ते चेपलं. दुसरीचंही चेपलं. उरलेल्या अठरांनाही पक्कड लावून मोडायला हवं होतं. तेवढ्यात शाळेतून फोन आला, मुलीला ताप आहे, घेऊन जा.

बारा पस्तीस. दाऊदभाई फायरिंग पॉइंटवर होते. मी वॉकीटॉकी उचलला.

"रेंज, वर्कशॉप. दाऊदभाई, डावीकडचा ट्रे खलास. ओव्हर."

"ओके मॅडम. डावीकडचा ट्रे खलास. आउट."

ऑर्डर रिपीट झाली. मी निघाले.

डेपोत असते तर कंडेम म्हटलं असतं आणि लाल रंग लावला असता. पण समोर आपल्याकडचा माणूस, म्हणून घरातला शब्द वापरला. आपल्याकडे खलास म्हणजे संपलं, मेलं, वाया गेलं. आखातात खलास म्हणजे काम झालं, तयार आहे, घ्या. मी मराठीत बोलले. पंधरा वर्षांत त्यांच्या कानाला अरबीतला खलास बसला होता.

मुलीला औषध दिलं. "आई, यू गो, आय अॅम ओके," म्हणाली. तिला शेजारच्या वहिनींकडे सोपवलं. दोन पंचवीसला वर्कशॉपमध्ये आले. डावीकडचा ट्रे रिकामा होता. भरायच्या बाकावर सतरा राउंड ओळीने उभे होते. अठरावा नव्हता. रेंजच्या दारावर फायरिंगचा लाल दिवा लागलेला.

"रेंज, वर्कशॉप. सीझ फायर. सीझ फायर. ओव्हर."

फायरिंगच्या वेळी ते कानांवर मफ लावत, वॉकीटॉकी ऐकू जात नसे.

मधे चाळीस पावलं आहेत. मी धावत होते. अर्ध्यात आले तेव्हा बार झाला. आवाज पसरट होता, काय झालं ते मला कळलं.

बूड फाटलं होतं. गॅस मागे आला आणि पितळेचा एक तुकडा मानेत शिरला. डोळ्यांवरचा चष्मा शाबूत होता. मी दोन्ही हातांनी मान दाबून धरली. अँब्युलन्स अकरा मिनिटांत आली. ते काही बोलले नाहीत. चार वाजता डॉक्टर बाहेर आले.

मी रिपोर्ट लिहिला. कारणाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, आकडे चुकल्याचं लिहिलं, शब्दाचंही लिहिलं. क्लबच्या मॅनेजरने तो वाचून विचारलं, "बट ही रिपीटेड द ऑर्डर?" मी म्हटलं, "येस. करेक्टली." घरी येऊन भात लावला. मुलीचा ताप मोजला. शंभर होता. रडू आलं नाही, नंतरही नाही. लोकांना वाटतं मी आवरून धरलं. तसं काही नव्हतं. आत काही हललंच नाही.

त्यांना शवपेटीतून गावी पाठवलं. महिनाभराने त्यांच्या बायकोचा फोन आला. मी फोनवरच सगळं सांगितलं, ट्रेचं, आकड्यांचं. फक्त शब्दाचं सांगितलं नाही. मग म्हणाल्या, "मॅडम, शेवटी काय बोलले ते?"

मी म्हटलं, "जेवायला जातो म्हणाले."

"डबा खाल्ला होता?"

"हो."

तेही मला माहीत नव्हतं.

दाऊदभाईंच्या पत्नीही आता नाहीत. म्हणून इथे लिहून ठेवते. हवालदार दाऊद, आर्मोरर. पहिला राउंड नेहमी स्वतः फायर करायचे. त्यांचे मी ऐकलेले शेवटचे शब्द, गुरुवार, बारा पस्तीस: "ओके मॅडम. डावीकडचा ट्रे खलास. आउट."