रॉकेटची रजई

मी मुझफ्फर, मस्तगडचा पिंजारी. जालन्यात माझ्यासारखी घट्ट रजई कोणी भरत नाही, हे मत माझंच. पण मी ते इतक्या वेळा सांगितलंय की गिऱ्हाइकंही आता माझ्याच शब्दांत मला ऐकवतात. पाच किलो कापूस, ओढून मारलेला टाका, वर पावशेर कापूस माझ्याकडून. बायको नूरबी रजईतून पाय बाहेर काढून झोपायची, तेव्हा मला वाटायचं, काय ऊब आहे आपल्या हाताला.

हल्ली लोक तयार ब्लँकेटं घेतात. यंदा दुकानाला कुलूप लावायची वेळ आली होती, तेवढ्यात शेजारच्या तुळजाबाईंची नात सुमेधा आली. ती एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात इंजिनिअर आहे.

"चाचा, आम्ही रॉकेटच्या इंधनाची टाकी बनवून राह्यलो. तिला रजई शिवायची. आतलं इंधन इतकं थंड, की बाहेरची उष्णता लागली तर उकळून उडून जातं. मशीनवर रजईतलं भरण चेपतं, हातानंच पाहिजे. नमुना जमला तर काम कायम तुमच्याकडं."

"बराबर माणसाकडं आलीस," मी म्हणालो. एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण रॉकेटवाले साधा कापूस का वापरत नाहीत, यावर मी तिला बराच वेळ सुनावलं.

तिनं दिलेलं भरण पांढरं, फुंकर मारली तर उडेल असं. दोन्ही बाजूंना चकचकीत पातळ कापड. "टाका ढिला ठेवा, वजन वाढू देऊ नका," हे तिनं दोनदा बजावलं. पोरीला काय कळतं, असं म्हणून मी सगळे टाके ताणून मारले आणि उरलेल्या भरणाचा एक जादा थर फुकटात घातला.

चाचणीला इस्त्रीचा कुर्ता घालून गेलो. रजई टाकीला गुंडाळली, टाकीत द्रवरूप नायट्रोजन सोडला. थोड्या वेळानं रजईवर बर्फाच्या रेघा उमटल्या. सरळ, एकसारख्या, नेमक्या माझ्या टाक्यांवरून. जिथं मी भरण चेपलं होतं, तिथूनच उष्णता आत शिरत होती. माझी कारागिरी इतकी स्पष्ट आजवर कोणाला दिसली नव्हती. वजनही दीडपट भरलं.

"काय ओढून मारलं हो चाचा," सुमेधा म्हणाली. "आता अजून एकच मौका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी पुन्हा शिवायला बसलो, पण हात ऐकेना. दोरा हाती आला की ताणलाच. शेवटी नूरबीनं काड्यापेटी पुढ्यात ठेवली. टाक्याखाली काडी धरायची, गाठ मारायची, मग काडी ओढून काढायची. तेवढी ढील राहतेच. माझ्या कुर्त्याची बटणं ती अशीच लावते म्हणे. चार दिवस मी काड्या घालत होतो, ती काढत होती.

दुसऱ्या चाचणीला मी दाराशीच उभा राहिलो. तास झाला तरी रजई कोरडी. सुमेधानं मला ओढत नेऊन माझा हात रजईवर ठेवला. गार लागेना.

"एवढी हलकी कोणीच शिवली न्हाई, चाचा. काम तुमचंच."

मी सगळ्यांसमोर रडलो. हलकी शिवली म्हणून शाबासकी मला जन्मात पहिल्यांदाच मिळत होती.

घरी येऊन हे नूरबीला चांगलं रंगवून सांगितलं. तिनं आमची पाच किलोची रजई आणून माझ्या पुढ्यात टाकली.

"अब मेरेकू बी एक हलकी सीके देव," ती म्हणाली. "तीस बरस से इसके नीचे दब रही मैं."