प्यो सर आणि हसणारं डुक्कर

प्यो सांगचोल सरांच्या डोक्यावरचे केस हा आमच्या प्रयोगशाळेत कुणी मोठ्यानं काढायचा विषय नव्हता. होते नव्हते ते सगळे डाव्या कानाच्या वर उगवायचे. सर ते भरपूर वाढवून, काळे करून, टकलावरून पार उजव्या कानापर्यंत नेऊन बसवायचे. कलप दर शनिवारी, कारण रविवारी चर्च. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात, आमच्या भागातल्या चर्चचे सर मानाचे 'वडील' होते, पाळकांच्या खालोखाल शब्द त्यांचा. विद्यापीठात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. मी त्यांच्याच हाताखाली पीएचडी केली आणि मग तिथंच संशोधक म्हणून चिकटले, त्यामुळे सरांची बोलणी खाण्यात माझ्याइतकी ज्येष्ठ दुसरी कुणी नाही.

सरांचा जीव एका करड्या धातूच्या खड्यात अडकला होता. तरुणपणी त्यांनी गणित मांडून सांगितलं होतं की हा धातू पुरेसा गार केला तर विजेला तो जो विरोध करतो तो अगदी शून्य होईल. तेव्हा भर परिषदेत लोक हसले होते. सर ते हसू विसरले नाहीत. एवढं गार करणारं यंत्र त्यांनी भाग जमवत जमवत स्वतः बांधलं. माणसाएवढी पोलादी टाकी, आत निर्वात, भोवती नळ्यांचं जंजाळ. यंत्र ऊठसूट रुसायचं, म्हणून आम्ही पोरं त्याला सासूबाई म्हणायचो. येत्या फेब्रुवारीअखेर सर निवृत्त होणार होते. खोली दुसऱ्या विभागाला देऊन झाली होती आणि सासूबाई भंगारात निघणार होत्या. त्याआधी तो खडा मोजून झाला नाही, तर ते लोक हसले ते बरोबर की चूक, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. आणि नेमक्या आता सासूबाई गळायला लागल्या होत्या.

गळती तळाच्या झाकणाच्या आसपास होती, एवढं कळलं होतं. त्या झाकणात एक रबरी कडं बसतं, आणि ते बसवायचा मान फक्त सरांचा. दुसऱ्या कुणी हात पुढं केला की "तुमच्या हाताला घाम असतो" असं म्हणून ते बाजूला सारायचे. बुटक्या स्टुलावर बसून, मान खाली घालून, श्वास रोखून ते कडं बसवायचे. मग उठून खिशातल्या कंगव्यानं केस जागेवर न्यायचे. नवं कडं आणलं, पुन्हा गळती. आणखी नवं आणलं, तरी गळती. सरांनी निकाल दिला की टाकीचं वेल्डिंग फुटलंय. वेल्डिंगवाला येऊन, तपासून, रागावून गेला.

दानबीचा निकाल वेगळा होता. दानबी आमची पीएचडीची विद्यार्थिनी, केस मुलांसारखे बारीक कापलेले आणि जीभ त्याहून धारदार.

"ताई, शेजारच्या इमारतीत नवी भट्टी आली तर त्यांनी पहिल्याच दिवशी डुकराचं मुंडकं मांडून गोसा केला, साग्रसंगीत पूजा. भट्टी बघा कशी निमूट चालते. आपल्या सासूबाईंना आजवर कुणी डुकराचं मुंडकं दाखवलं का?"

"सर वडील आहेत चर्चचे. त्यांच्या प्रयोगशाळेत डुकराची पूजा करणार तू? आणि भौतिकशास्त्र शिकतेस ना?"

"म्हणून तर म्हणते. भौतिकशास्त्रातलं सगळं करून झालंय."

रविवारी सर दिवसभर चर्चमध्ये असतात, जेवतातही तिथंच. मी एवढंच म्हटलं, "आणशील ते हसरं आण, तेच शुभ असतं."

रविवारी दुपारी सासूबाईंसमोर टेबल मांडलं. तांदळाच्या वाफवलेल्या वड्या, दोरा गुंडाळलेला सुका मासा, माक्कोल्लीची, म्हणजे तांदळाच्या दारूची बाटली आणि मधोमध ते मुंडकं. दानबीनं बाजार पालथा घातला असावा. इतकं प्रसन्न डुक्कर मी आजवर पाहिलं नव्हतं. पोरांनी त्याच्या तोंडात नोटा खोचल्या, मी पेला भरला, आणि तेवढ्यात दार उघडलं.

दारात प्यो सर. रविवारचा सूट, ताजा कलप, हातात बायबल.

"हे काय आहे?"

"डुक्कर, सर," दानबी म्हणाली.

"ते दिसतंय मला. इथं काय करतंय?"

"हसतंय, सर."

मी घाईनं मध्ये पडले. "सर, आज चर्चला नाही गेलात?"

सरांनी बायबल पटकन काखेत दडवलं. त्यांचे कान लाल झाले. "दुपारची प्रार्थना म्हटलं आज... इथंच करावी."

यंत्राला कान नसतात, हे सरांचं आवडतं वाक्य. कुणी मशीनला शिव्या घातल्या की ते आम्हाला ऐकवायचे. आणि तेच सर आज चोरून सासूबाईंसाठी देवाकडे रदबदली करायला आले होते. आम्ही त्यांच्याकडे बघेना, ते आमच्याकडे बघेनात. सगळे डुकराकडे बघत उभे राहिलो.

"दोन्ही करू या, सर," दानबी म्हणाली. "ज्याला ऐकायचं तो ऐकेल."

मला वाटलं आता स्फोट होणार. पण सर टेबलाजवळ आले आणि हळूच म्हणाले, "हसरं महाग पडलं असेल."

"पडलं ना, सर. आता तुम्ही वाका. घरचा कर्ता वाकल्याशिवाय गोसा पुरा होत नाही."

"मी वाकणार नाही. वडील आहे मी."

"मग अर्धाच राहील, सर."

"राहू दे!" सर गरजले. मग थोडा वेळ घुटमळले, खिशातून एक नोट काढली. "ही पूजा नाही. पोरांच्या जेवणाला पैसे दिलेत. लक्षात ठेवा." आणि कुणी बघत नाहीसं पाहून चोरानं करावं तसं त्यांनी ती डुकराच्या तोंडात कोंबली. तोंड आधीच भरलेलं. नोट निसटली, पंपाच्या वाऱ्यावर उडाली आणि थेट सासूबाईंच्या खाली गेली.

"थांबा! तिथं कुणी हात घालायचा नाही," सर म्हणाले. ते गुडघ्यावर बसले, दोन्ही तळवे जमिनीला लावले आणि नोट शोधायला कपाळ फरशीला टेकवलं. डुकराच्या अगदी पुढ्यात.

दानबीनं धाडकन गुडघे टेकले. तिच्यामागं आम्ही सगळेच. आता कर्ता उठल्याशिवाय कुणी उठायचं नसतं, आणि कर्ता उठेचना. माझ्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली.

"ताई, सर रडतायत का हो?"

"गप्प बस."

मग खालून आवाज आला. "बॅटरी द्या."

दानबी बॅटरी घेऊन सरांशेजारी आडवी झाली. तळाच्या झाकणाच्या फटीतून, फक्त जमिनीवरूनच दिसेल असा, एक केस लोंबत होता. झाकण उघडलं. केस रबरी कड्यावर आडवा पडला होता, आणि त्याच्या अंगाअंगानं हवा आत शिरत होती. दानबीनं तो चिमट्यानं उचलून उजेडात धरला. चांगला वीतभर लांब, काळाभोर, मुळाशी तेवढा पांढरा.

दानबीचे केस बोटाच्या पेराएवढे. मुलांचे तसेच. माझे कुरळे केलेले. सरांच्या डोक्याकडे कुणीही पाहिलं नाही, आणि ते न पाहणं फार जड गेलं. डुक्कर तेवढं निवांत हसत होतं.

"वेल्डिंग चांगलं आहे," सर म्हणाले. मग स्वतःशीच, "प्रत्येक वेळी मीच बसवलं."

मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना चुकलेलं पाहिलं होतं, पण इतकं लहान झालेलं कधी नाही. दानबीसुद्धा चक्क मऊ आवाजात बोलली, "सर, वाकलात म्हणून तरी दिसला."

"नोट पडली म्हणून वाकलो."

"तेच म्हणतेय, सर."

दुसऱ्या दिवशी सर लोकरी टोपी घालून आले. टोपी काढली तर डोकं तुळतुळीत. बायकोनं किंकाळी फोडली होती. पाळकांनी फोन करून काळजीनं विचारलं होतं की वडील बुद्धाच्या मठात तर नाही ना चालले. "गळती होती असं सांगितलं त्यांना," सर म्हणाले. मग त्यांनी कपाटातून नवं कडं काढलं, स्टुलाशी गेले, थांबले, आणि कडं दानबीपुढं धरलं.

"तू बसव."

"मी? सर, माझ्या हाताला घाम असतो."

"पूस."

ती बसवत असताना सर शेजारी खुर्चीवर स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. त्या हातांना आवरायला त्यांना किती कष्ट पडत होते ते मला दिसत होतं.

सासूबाई या वेळी रुसल्या नाहीत. गार होत गेल्या, आणखी गार झाल्या. पडद्यावरची, खड्याचा विरोध दाखवणारी रेघ हळूहळू उतरत आली, आणि एका जागी सरळ खाली कोसळून तळाला जाऊन पडली. शून्य. सरांचा हात सवयीनं केस सावरायला वर गेला, तिथं काही सापडलं नाही, आणि मग तसाच टकलावर राहिला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पुन्हा मोज," ते दानबीला म्हणाले.

तिनं पुन्हा मोजलं. रेघ पुन्हा तिथंच कोसळली.

"सर, डुकराचा एक कान तुमच्यासाठी ठेवलाय," दानबी हळूच म्हणाली. "इथल्या फ्रीजमध्ये."

"प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये खायचं ठेवायचं नाही असा नियम आहे."

"हो, सर."

"आण."